गणवीर काकांची झेंडूची भाजी

निवृत्तीच्या दिवशी कार्यालयाने गणवीर काकांना झेंडूचा एक जाड हार घातला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी त्या हाराची भाजी करून खाल्ली.

ही ऐकीव गोष्ट नाही. मी तेव्हा जबलपूरच्या घमापूर वस्तीत त्यांच्या शेजारी राहत होतो आणि आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत होती. आधी फोडणीचा आवाज आला, मग एक अनोळखी वास आला, आणि थोड्या वेळाने काका स्वतः वाटी घेऊन दारात उभे राहिले. वाटीत कांद्यावर परतलेल्या केशरी पाकळ्या होत्या.

"खाऊन पाहा भैया," ते म्हणाले. "कालचा सत्कार आहे."

चव कडवट होती. ओल्या गवताला कुणी तिखट-मीठ लावावे, तशी. "वेगळी आहे," असे मी म्हणालो. मी शहरातल्या एका हिंदी दैनिकात बातम्या तपासून छपाईला पाठवण्याचे काम करत असे. त्या कामात असे बिनधोक शब्द सवयीने सुचतात.

काका वीज खात्यात मीटर तपासनीस होते. जन्मभर लोकांच्या दारावरचे मीटर वाचल्यामुळे त्यांची हनुवटी कायम वर असे. नव्या माणसाला ते गर्विष्ठ वाटत. खरे तर ते समोरच्याच्या डोक्यावर काही टांगले आहे का, एवढेच पाहत असत. "रीडिंग घेऊ" हा त्यांचा आवडता शब्दप्रयोग होता. दूध पातळ आहे का, पोराला ताप आहे का, नर्मदेचे पाणी तिलवाऱ्याच्या घाटावर किती चढले, नवा जावई कसा निघाला, या सगळ्याचे ते रीडिंग घेत. "मीटर खोटं बोलत नाही," ते म्हणत. "मानूस बोलते."

त्यांचे वडील भंडाऱ्याकडून कामासाठी जबलपूरला आले, तेव्हा दोन्ही गावे एकाच राज्यात होती. पुढे राज्यांची फेरमांडणी झाली आणि कुणीही घर न बदलता अर्धे नातेवाईक परराज्यातले झाले. काका हिंदी शाळेत शिकले. मराठी त्यांच्या घरात होती, पण ती बोलण्यापुरती. वाचायला घेतली की ते प्रत्येक शब्दाशी थांबून त्याची ओळखपाळख विचारल्यासारखे वाचत.

मराठी वाचायच्या त्या शांताकाकू, त्यांच्या पत्नी. त्या भंडाऱ्याच्या मराठी शाळेत शिकून लग्नानंतर इथे आल्या होत्या. वस्तीतल्या बुद्धविहारात पावसाळ्याचे तीन महिने, म्हणजे वर्षावासात, रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होते. आषाढ पौर्णिमेला ग्रंथ पांढऱ्या कापडातून बाहेर निघतो आणि आश्विन पौर्णिमेला परत त्यात जातो. लग्न होऊन आल्यापासून तो ग्रंथ काकूच वाचत आल्या होत्या. वस्तीतल्या तरुण मंडळींना मराठी समजते. वाचायला दिली तर ती घाम पुसतात. काकू वाचू लागल्या की विहारातला पंखासुद्धा हळू फिरतोय असे वाटे. बोलताना त्या साध्या होत्या. वाचताना त्यांचा आवाज अंगात इस्त्रीचे कपडे घातल्यासारखा ताठ आणि स्वच्छ होई.

काकांच्या निवृत्तीच्या थोडे आधी काकूंना अक्षरांच्या मधोमध एक राखाडी डाग दिसू लागला. चष्मा पुसून तो गेला नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाताना काका मला सोबत घेऊन गेले, कारण औषधाच्या बाटलीवरचे इंग्रजी वाचायला कुणीतरी हवे होते.

डॉक्टर तरुण होते आणि स्पष्ट बोलत. "देखिए गणवीर जी, आँख के परदे का बीच का हिस्सा कमज़ोर हो रहा है. जो गया, वो लौटेगा नहीं. जो बचा है, उसे बचाने में ये गोली शायद मदद करे."

"शायद?" काकांनी विचारले.

"शायद."

काकूंनी पदर सावरला आणि एकच प्रश्न विचारला. "वाचता येईन ना?"

डॉक्टर म्हणाले, "पढ़ना सबसे पहले मुश्किल होगा, दीदी. चलना-फिरना होता रहेगा. किनारे की नज़र रहती है." त्यांनी एक गोष्ट शिकवलीही. समोरच्याचा चेहरा मधोमध पुसट होत असेल, तर थोडे बाजूला पाहायचे. कानाकडे पाहिले की चेहरा कडेच्या नजरेत येतो. काकूंनी तिथेच डॉक्टरांच्या कानाकडे पाहिले आणि म्हणाल्या, "अच्छा, तुमाले मिशी आहे का!"

परतताना रिक्षात मी बाटलीवरचा मजकूर वाचून दाखवला. डोळ्याच्या पडद्याच्या मध्यावर एक पिवळा रंग असतो, तो उन्हाचा मारा झेलतो. ल्युटीन हा त्यातलाच एक घटक. शरीर तो स्वतः तयार करत नाही, वनस्पतींकडून घेते. पालकात असतो, मक्यात असतो. या गोळीतला झेंडूच्या पाकळ्यांपासून काढलेला होता.

हे ऐकून काका इतके चमकले की त्यांनी रिक्षा थांबवायला लावली नाही, एवढेच.

"म्हंजे हे लोक झेंडू पिसून डब्बीत भरून राहिले?"

"साधारण तसंच."

"मंग आपन सरळ झेंडूच काहून नाही खायचा?"

काकू रस्त्याकडे पाहत होत्या. घर जवळ आल्यावर त्या म्हणाल्या, "भैया, हे वस्तीत कोनाले सांगजा नोका. लोक पहिले हात धरतेत. मंग हातातलं पुस्तक घेतेत."

म्हणून वस्तीला शेवटपर्यंत वाटत राहिले की डोळ्यांचे हे खूळ काकांचे स्वतःचे आहे. काकांनी ते कधी नाकारले नाही.

निवृत्तीचा हार ही सुरुवात होती. काकूंच्या गोळ्या चालूच होत्या. त्यांच्या जोडीला ही भाजी. काकूंच्या पानात वाढण्याआधी ती स्वतः खाऊन पाहावी, असा काकांचा नियम होता. "नवा मीटर पहिले आपल्या घरी लावून पाहावा." पचली, तेव्हा ती रोजची झाली. त्यानंतर शहरात कुठेही झेंडूचा हार दिसला की काका त्याच्या मुक्कामाची चौकशी करत. कार्यक्रम संपता संपता ते व्यासपीठाजवळ सरकत आणि मुख्य पाहुण्यांना अदबीने विचारत, "साहेब, हे तुमी घरी नेऊन राहिले का?" एका निवडणुकीनंतर विजयी उमेदवाराच्या जीपवरचा हार त्यांनी मागून घेतला. कार्यकर्त्यांना वाटले, नेत्यावर केवढी ही श्रद्धा! त्यांनी काकांच्या गळ्यात पडून त्यांना घोषणाही द्यायला लावल्या. काकांनी दिल्या. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ते नागपूर रस्त्याला उभ्या असलेल्या ट्रकांवरून हार उतरवून आणत.

थोड्याच काळात ते या विषयातले जाणकार झाले. "लग्नाच्या हाराले अत्तर मारते," ते समजावत. "जीपच्या हारात धूळ. ट्रकच्या हाराले डिझेलचा वास. निवृत्तीचा सगळ्यात चांगला. साहेब लोक पाच मिनिटांत काढून ठेवतेत."

वस्तीने त्यांना सोडले नाही. सत्कारात कुणी हार घेऊन उभा राहिला की मागून आवाज येई, "काकाले पहिले विचारा, फोडनी टाकायची आहे!" विहार समितीचे अध्यक्ष सुखदेवे तर दिसले की विचारत, "काय गणवीर जी, आज काय शिजवलं? उद्घाटन की शोकसभा?" काका हनुवटी वर ठेवून म्हणत, "हसून घ्या. डोळे माहे चांगले राहतीन, तुमचं हसनं मीच पाहीन."

डॉक्टरांना कळले तेव्हा ते हसले नाहीत. "गणवीर जी, बाज़ार के फूल पर कीड़े मारने की दवा छिड़कते हैं! ट्रक का हार? भाभी जी को खिलाया?"

"धुऊन, सर."

"बंद कीजिए. पालक खिलाइए, मक्का खिलाइए, अंडा खिलाइए. थोड़े तेल में. और गोली टाइम पर."

त्या दिवशी काका पहिल्यांदा हनुवटी खाली करून चालत घरी आले. काकूंना आपण कीटकनाशक खाऊ घातले, हे त्यांना फार लागले. आठवडाभर त्यांनी कुणाचेही रीडिंग घेतले नाही. मग त्यांनी गच्चीवर तेलाचे रिकामे पिपे मांडले आणि स्वतःचा झेंडू लावला, फवारणीशिवाय. कीड हाताने वेचत. पालक आणि मक्याची कणसे थेट शहराबाहेरच्या पनागरहून आणू लागले, तिथल्या शेतकऱ्यांना ते आधी विचारत, "दवा मारली का?" आणि उत्तर काहीही आले तरी पान उलटून बघत. आमच्या घरी पालक इतका येऊ लागला की तो विकत घेतल्याचे मला त्या काळातले आठवत नाही.

याच सुमारास आमचे भांडण झाले. एका वृत्तसंस्थेची बातमी आली होती: वनस्पतींतले काही घटक डोळ्याच्या पडद्याला इजेपासून वाचवू शकतात. मी ती आतल्या पानावर एका छोट्या चौकटीत घेतली. सकाळी काका तो अंक घेऊन आले आणि त्यांनी मथळ्यावर बोट ठेवले.

"'बचा सकते हैं' काहून लिहिलं?"

"कारण तेवढंच ठाऊक आहे."

"बचवते का नाही बचवत? एक सांगा."

"ते काम प्रयोगशाळेतलं आहे, काका. उंदरांच्या डोळ्यांवरचं, काचेतल्या पेशींवरचं. माणसाच्या डोळ्यात काय होईल ते अजून खात्रीनं सांगता येत नाही. होईलही."

"होईनही! जनमभर मीटर वाचले मी. एकाही मीटरमदे शायद नोता. युनिट जळालं तं जळालं."

"हा मीटर नाही."

"मंग एवढे लोक पंख्याखाली बसून तपासता काय तुमी?" त्यांनी अंक घडी करून माझ्या हातात दिला. "तो एक शब्द काढून टाकला असता तं तुमचं काय गेलं असतं?"

बातमीतून तो शब्द काढता येत नाही, हे मी त्यांना समजावले. त्यांनी ते ऐकून घेतले, आणि निघताना म्हणाले, "तुमच्या घरात कोनाचे डोळे गेले नाही ना, म्हनून जमते."

काकांच्या घराला बाहेरून एक लोखंडी जाळीचा दरवाजा होता. डॉक्टरांनी काकूंना घरी तपासण्यासाठी चौकटींचा एक कागद दिला होता: एक डोळा झाकून मधल्या ठिपक्याकडे पाहायचे आणि रेषा सरळ दिसतात का ते सांगायचे. वाकड्या दिसल्या तर लगेच दवाखाना. काकांना कागद पटला नाही. "कागद हालते. लोखंड हालत नाही." त्यांनी जाळीच्या मधोमध नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला आणि रोज सकाळी काकूंना खुर्चीवर बसवून रीडिंग घेऊ लागले. काकू एकेक डोळा झाकत आणि सांगत, "सरळ. सगळ्या सरळ." "रीडिंग बराबर," काका म्हणत, आणि मग चहा होई.

फक्त काकूंना बसवले तर लोकांना कळेल, म्हणून ते सगळ्यांनाच बसवत. दूधवाला, गॅस सिलिंडरवाला, निवडणुकीच्या पावत्या वाटणारे, सुखदेवे अध्यक्ष. एक डोळा झाकल्याशिवाय त्या घरात चहा मिळत नसे. पोस्टमन तर रस्त्यातूनच एक डोळा झाकून ओरडत असे, "सीधी है, काका!"

एका सकाळी मी खुर्चीवर बसलो, डावा डोळा झाकला आणि म्हणालो, "ठिपक्याच्या बाजूची एक तार वाकडी दिसते."

ते दचकतील असे मला वाटले. ते दचकले नाहीत.

"वाकडीच आहे," ते म्हणाले. "काल पकडीनं मीच वाकवली."

"का?"

त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिले. आत भांड्यांचा आवाज येत होता. "आज सकाळी शांताले विचारलं. म्हने, सगळ्या सरळ."

काकांनी बोटाने ती तार एकदा चाचपली आणि तशीच राहू दिली. त्यानंतर काकूंचे रीडिंग घेणे त्यांनी बंद केले. काकूंना घेऊन ते त्याच दिवशी डॉक्टरांकडे गेले; डॉक्टरांनी तपासले आणि गोळी तीच ठेवली. पाहुण्यांचे रीडिंग मात्र चालू राहिले. वाकडी तार ज्याला दिसली, त्याला ते म्हणत, "रीडिंग बराबर."

त्या वर्षी आषाढ जवळ आला तेव्हा सुखदेव्यांनी समितीच्या बैठकीत सुचवले की वाचनाचे ध्वनिमुद्रण मोबाईलवर मिळते, लाऊडस्पीकर आपल्याकडे आहेच. बाईंना किती वर्षे त्रास द्यायचा? त्यांच्या मनात वाईट काही नव्हते. काकू बैठकीत बोलत नसत. त्या दिवशी उठून उभ्या राहिल्या.

"मशीन वाचते, समजते का तिले?" त्या म्हणाल्या. "यंदा मीच वाचीन. पुढच्या साली पुढचं पाहू."

पौर्णिमेला ग्रंथ उघडला. काकू पांढरी साडी नेसून पाटावर बसल्या. त्यांच्या शेजारी मेणबत्त्या सांभाळायला रत्नमाला होती. पलीकडच्या गल्लीत शिवणकाम करणारी, चाळिशीची, कमी बोलणारी बाई. ग्रंथ लाकडी स्टँडवर दोघींच्या मधे येई. काका समोर पहिल्या ओळीत. मीही कामावर जाण्याआधी थोडा वेळ बसत असे. काकूंचा आवाज नेहमीसारखाच होता: ताठ, स्वच्छ, कुठेही न अडखळणारा. मला आश्चर्य वाटले आणि बरेही वाटले. गोळी लागू पडली असावी, असे मी मनाशी म्हटले. असावी.

एकच अडचण होती. काका खोकत.

मोठा खोकला नव्हता. ठराविक वेळाने एकदाच, घसा साफ केल्यासारखा. पण शांत विहारात तो छपरापर्यंत जाई. मागच्या ओळीतल्या बाया एकमेकींना कोपर मारत. "फुलं खाऊन खाऊन घसा धरला बावाचा." सुखदेव्यांनी त्यांना खडीसाखर आणून दिली. काकांनी ती तोंडात टाकली आणि पुढच्या पानाला पुन्हा खोकले.

पुढच्या पानाला, हे तेव्हा माझ्या लक्षात आले नव्हते. लक्षात आले ते उदबत्तीमुळे.

एका संध्याकाळी कुणीतरी नव्या उदबत्त्यांचा अख्खा पुडा लावला. धूर सरळ पहिल्या ओळीत गेला आणि काकांना खरा खोकला आला. ते खोकले; काकूंनी पान उलटले. ते पुन्हा खोकले. काकूंनी पुन्हा पान उलटले. काकांनी दोन्ही हातांनी तोंड दाबले, डोळ्यांत पाणी आले, आणि हातांच्या फटीतून तिसरा खोकला निसटला. काकूंनी तिसरे पान उलटले.

वाचन थांबले नाही. वाक्य जिथे होते तिथूनच पुढे गेले. पाने तीन पुढे गेली होती आणि काकू मात्र मागच्याच पानावरचे, शब्दही न चुकवता, वाचत होत्या.

हसण्यासारखे होते. कुणी हसले नाही. मी आजूबाजूला पाहिले. मागच्या बाया हात जोडून समोर पाहत होत्या. सुखदेवे छताकडे पाहत होते. रत्नमालाने मेणबत्तीची वात नीट करायला हात पुढे केला आणि परत घेताना तीन पाने आवाज न करता मागे सारली. ती घाबरली नव्हती, गोंधळली नव्हती. शिवणाऱ्या बाईने निसटलेला टाका घ्यावा, तसे तिने ते केले. त्यावरून कळत होते की तिला हे आधीपासून ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशी मला सुट्टी होती आणि दुपारी, एरवीसारखा रात्रपाळीसाठी झोपून न राहता, मी जागा होतो. भिंतीपलीकडून आवाज आला. काका वाचत होते. प्रत्येक शब्दाशी थांबत, जोडाक्षराला धडकत, वाक्याच्या शेवटी धापा टाकत.

"'सर्व... प्रा... प्राणि...'"

"प्राणिमात्रांवर," काकूंचा आवाज. "पुढं."

"एवढा मोठा शब्द काहून ठेवते मानूस?"

"तुमी पुढं वाचा ना."

त्यांनी एक परिच्छेद वाचला. मग काकूंनी तोच परिच्छेद सलग म्हटला, ताठ आणि स्वच्छ. इतक्या वर्षांत अर्धा ग्रंथ त्यांना पाठ झालेलाच होता. उरलेला अर्धा त्या रोज दुपारी काकांकडून ऐकून संध्याकाळपुरता धरून ठेवत होत्या. मग काका म्हणाले, "इथं पान संपते. 'करुणा'वर. मी खोकलीन." आणि काकू म्हणाल्या, "हळू खोका जरा. काल लय जोरात खोकले. मी दचकली."

मी रेडिओ लावला, म्हणजे मला ऐकू येत नाही असे त्यांना वाटावे.

आश्विन जवळ आला. गच्चीवरचे पिपे केशरी झाले होते. ग्रंथाची थोडीच पाने उरली असताना काकांना ताप भरला. ते उठून बसायला बघत आणि पुन्हा आडवे होत. दुपारचे वाचन त्यांनी तापातच केले. संध्याकाळी काकू रत्नमालाचा हात धरून विहारात गेल्या. मी गेलो. पहिल्या ओळीतली काकांची जागा रिकामी होती. तिथे कुणी बसले नव्हते.

काकूंनी वाचायला सुरुवात केली. पहिले पान संपत आले. काकूंचा हात पानाच्या कोपऱ्यावर होता आणि हलत नव्हता. त्या वाक्य किंचित लांबवत होत्या.

रत्नमाला खोकली.

काकूंचा हात क्षणभर तसाच राहिला. मग त्यांनी पान उलटले आणि वाचन पुढे सुरू केले. पुढच्या पानाला रत्नमाला पुन्हा खोकली. त्याच्या पुढच्या पानाला मेणबत्ती विझली, रत्नमाला काडी पेटवत होती, तिचे पानाकडे लक्ष नव्हते. तेव्हा दुसऱ्या बाजूने, थेट ग्रंथाजवळ येऊन बसलेले सुखदेवे अध्यक्ष खोकले. फार वाईट खोकले. खोटा खोकला त्यांना जमत नव्हता. काकूंनी पान उलटले.

वाचन संपल्यावर मी सरळ काकांकडे गेलो. ते पांघरुणातून हनुवटी वर काढून वाट पाहत होते.

"पानं?" त्यांनी विचारले.

"बरोबर उलटली."

"सगळे?"

"सगळी."

"मी नोतो तं कशी उलटवली?"

मी त्यांच्या पायांवरचे पांघरूण सारखे केले. तापाने त्यांचे डोळे चमकत होते, आणि त्या डोळ्यांत हळूहळू काहीतरी उजळत गेले. ते कोपरावर उठले.

"म्हंजे दिसलं तिले," ते म्हणाले. "पान संपलेलं दिसलं. भैया, मी म्हनत होतो ना? ते ट्रकचे हार सोडा. पन हा गच्चीवरचा झेंडू, तो पनागरचा मका... काहीतरी राहिलं आत. बचवलं त्यानं. बचवलं ना?"

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. रत्नमाला त्यांना सोडून गेली होती. त्यांनी सगळे ऐकले होते.

माझ्या कामात एक साधा नियम असतो: जे पाहिले ते लिहायचे, आणि जे ठाऊक नाही त्याला तसे म्हणायचे. मी काय पाहिले होते ते मला नेमके ठाऊक होते. आणि काकूंच्या डोळ्यांत त्या पाकळ्यांमुळे, कणसांमुळे, गोळ्यांमुळे किती प्रकाश टिकून राहिला होता, तो नसता तर त्या आज रत्नमालाच्या एका हाताच्या आधारावर चालू शकल्या असत्या की नाही, हे मला, डॉक्टरांना किंवा आणखी कुणालाही ठाऊक नव्हते.

"शायद," मी म्हणालो.

मला वाटले, काका आता चिडतील. ते उशीवर परत टेकले.

"पेपरवाल्याचं शायद," ते समाधानाने म्हणाले. "म्हंजे रीडिंग बराबर."

त्यांनी डोळे मिटले. काकू पुढे आल्या, खाटेची कड हाताने चाचपून बसल्या आणि त्यांच्या कपाळावरची ओली पट्टी बदलली. मग त्यांनी मान वळवून माझ्या कानाकडे पाहिले, आणि बराच वेळ पाहत राहिल्या.